सिल्व्हरस्टोन की गुडवुड?

दोन्ही इंग्लंडमधले मोटार शर्यतींचे ट्रॅक, आणि दोन्ही जागा दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश हवाई दलाचे तळ. दोन्हीकडे शर्यती 1948 मध्येच सुरू झाल्या. साम्य इथेच संपतं.

सिल्व्हरस्टोनला वेलिंग्टन बॉम्बरवर वैमानिकांचं प्रशिक्षण चाले, त्यामुळे पक्क्या, रुंद धावपट्ट्या होत्या. पहिल्या ग्रां प्रीत त्यांचाही वापर झाला आणि गाड्या दोन बाजूंनी समोरासमोर सुसाट येऊ लागल्या. ड्रायव्हर बिचकू नयेत म्हणून मध्ये कापडी पडदे लावले होते म्हणे! पुढच्याच वर्षी शर्यत तळाभोवतीच्या कडेच्या रस्त्यावर गेली. 13 मे 1950 रोजी फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत इथेच झाली आणि अल्फा रोमिओतून फारिना जिंकला. आजचा ट्रॅक 5.891 किलोमीटरचा, मूळ तळाची आठवण उरलीय ती 'हँगर स्ट्रेट', 'वेलिंग्टन स्ट्रेट' अशा नावांत.

गुडवुड म्हणजे लढाऊ विमानांचा वेस्टहॅम्पनेट तळ. तिथल्या धावपट्ट्या गवताच्या, त्यामुळे शर्यतीला कडेचा रस्ताच काय तो उपयोगी. तोच सुमारे 3.8 किलोमीटरचा ट्रॅक झाला. 1962 मध्ये ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसची कारकीर्द इथल्या अपघाताने संपली. 1966 मध्ये शर्यती थांबल्या, 1998 मध्ये जुन्या गाड्यांच्या 'रिव्हायव्हल'ने परतल्या. मधल्या काळात कुणी ट्रॅकमध्ये फारसा बदल केला नाही, हे नशीबच. आतल्या गवतावर अजून छोटी विमानं उतरतात.

वेग बघायचा तर सिल्व्हरस्टोन. विमानतळ बघायचा असेल, तर मी गुडवुडचंच तिकीट काढेन.