एक्सबॉक्स वनमधून टीव्ही: ‘एचडीएमआय इन’ आज कितपत कामाचं?

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या गेम कन्सोलच्या पाठीमागे एचडीएमआयचे (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारे) दोन पोर्ट असतात आणि दोन्ही दिसायला जुळ्या भावांसारखे. एकातून चित्र टीव्हीकडे जातं, तो सगळ्यांच्या ओळखीचा. दुसरा आत येणाऱ्या सिग्नलसाठी, म्हणजे ‘इन’, आणि बहुतेक घरांत तो वर्षानुवर्षं धूळ खात पडलेला असतो. त्यात डिशचा किंवा केबलचा सेट-टॉप बॉक्स जोडला की टीव्हीवरचं चालू प्रक्षेपण कन्सोलमधून दिसायला लागतं. हे परीक्षण त्या एका पोर्टचं आहे. गेम्सबद्दल इथे काही नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. पोर्ट काम चोख करतो, पण केवळ त्याच्यासाठी कन्सोल विकत घ्यावा असं त्यात काही नाही. कन्सोल घरात आधीपासून असेल तर मात्र वापरून बघायला हरकत नाही. फक्त एक सेटिंग बदलायला विसरलात तर दुसऱ्याच दिवशी वायर उपटून टाकाल. त्या सेटिंगकडे येतोच.

मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे यंत्र पहिल्यांदा दाखवलं तेव्हा टीव्हीचं गुणगान इतकं झालं की गेम खेळणाऱ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. भारतात ते सप्टेंबर २०१४ मध्ये आलं, ३९,९९० रुपयांना. ‘इन’ पोर्ट त्या पहिल्या मॉडेलवर आहे, २०१६ च्या वन एसवर आहे आणि २०१७ च्या वन एक्सवरही आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या सिरीज एक्स आणि सिरीज एसवर तो नाही. सोनीच्या कुठल्याही प्लेस्टेशनवर तो कधीच नव्हता. म्हणजे ही सोय हवी असेल तर जुन्याच मॉडेलकडे बघावं लागणार, आणि ते आता सेकंडहँडच मिळणार.

जोडणी पाच मिनिटांची आहे. सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयमधून निघणारी केबल कन्सोलच्या ‘इन’मध्ये, कन्सोलच्या ‘आउट’मधली टीव्हीत. साधी हाय-स्पीड एचडीएमआय केबल पुरते, महागड्या केबलची गरज नाही. आधी टीव्ही चालू करा, मग कन्सोल, शेवटी बॉक्स. होम स्क्रीनवरून टीव्ही ॲप उघडलं की चित्र यायला हवं. फक्त लाल-पांढरी-पिवळी पिन असलेला जुना एसडी बॉक्स असेल तर तो थेट जोडता येत नाही. मधे एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि त्या चित्राची कळा बघता हा खटाटोप करू नये असंच आमचं मत. डीडी फ्री डिशच्या बॉक्सला एचडीएमआय असेल तर तो मात्र बिनतक्रार चालतो. सह्याद्री बघायला मासिक पॅक लागत नाही हा त्यातला फायदा.

बॉक्सच्या मेन्यूत जाऊन आउटपुट रिझोल्यूशन (चित्राची बारकाई) ‘ऑटो’ किंवा ‘नेटिव्ह’वर असेल तर ते काढा आणि १०८०आय, १०८०पी किंवा ७२०पी असं ठरावीक करून ठेवा. नाहीतर एसडी चॅनलवरून एचडी चॅनलवर जाताना दर वेळी बॉक्स आणि कन्सोल नव्याने एकमेकांची ओळख करून घेतात आणि तेवढा वेळ पडदा काळा. ४के बॉक्स जोडलात तरी चित्र १०८०पीच्या वर जाणार नाही. वन एस आणि वन एक्स स्वतः ४के चित्र बाहेर देतात, पण त्यांचा आत येणारा पोर्ट जुन्या जातीचाच आहे.

आता ते सेटिंग. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं आणि कन्सोल मुळात ६० हर्ट्झवर चालणारा. सेकंदाला ५० चित्रं आत येतात आणि ६० दाखवायची असतात, म्हणून दर पाचांमागे एक चित्र दोनदा दाखवलं जातं. सेकंदाला दहा वेळा हा अडखळा बसतो. मालिकांमध्ये क्लोजअपवर क्लोजअप, तिथे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण बातम्यांच्या चॅनलवर खाली सरकणारी पट्टी बघा, किंवा चेंडू सीमारेषेकडे जाताना त्याच्यामागे फिरणारा कॅमेरा बघा. चित्र ठेचकाळत चालल्यासारखं दिसतं. २०१३ मध्ये ब्रिटन आणि युरोपातल्या ग्राहकांनी अगदी हीच तक्रार केली होती, कारण तिथलं प्रक्षेपणही ५० हर्ट्झचंच. नंतरच्या अपडेटमध्ये इलाज आला.

तो असा: सेटिंग्ज, जनरल, टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्स, व्हिडिओ मोड्स, आणि तिथे ‘अलाव ५० हर्ट्झ’वर टिक. यानंतर टीव्ही ॲप पूर्ण पडद्यावर उघडलं की कन्सोल ५० हर्ट्झवर जातो आणि बाहेर आलं की परत ६० वर. बदलताना एक-दोन सेकंद काळा पडदा दिसतो, त्यात बिघाड काही नाही. तो पर्यायच निवडता येत नसेल तर दोष कन्सोलचा नसतो, तुमचा डिस्प्ले ५० हर्ट्झ घेत नाही असा त्याचा अर्थ. भारतात विकले जाणारे टीव्ही ५० हर्ट्झ घेतातच. अडचण येते ती कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर. मॉनिटरवर क्रिकेट बघायचा बेत असेल तर हे आधी तपासा. ५० हर्ट्झ नसेल तर यावर दुसरा उपाय नाही.

चित्राचं आणखी एक दुखणं म्हणजे काळा रंग. रात्रीच्या प्रसंगात माणसाचे केस आणि मागची भिंत एकच दिसत असतील तर व्हिडिओ मोड्सच्या शेजारच्या व्हिडिओ फिडेलिटीत जाऊन कलर स्पेस बघा. तिथे ‘पीसी आरजीबी’ निवडलेलं असेल तर ‘स्टँडर्ड’ करा. टीव्ही एका पट्टीने मोजतोय आणि कन्सोल दुसऱ्या, म्हणून गडद छटा गिळल्या जातात. कुणीतरी ‘पीसी म्हणजे जास्त चांगलं’ म्हणून ते बदललेलं असतं, असा एकूण अनुभव.

आवाज मुळात स्टीरिओच येतो. बॉक्समधून डॉल्बी येत असेल आणि घरात होम थिएटर असेल तर टीव्ही अँड वनगाइडच्या (वनगाइड म्हणजे कन्सोलमधलं टीव्ही कार्यक्रमांचं वेळापत्रक) सेटिंगमध्ये ट्रबलशूटिंगखाली सराउंड साउंडचा पर्याय आहे. त्यावर ‘बीटा’, म्हणजे अजून चाचणीतलं, असं लिहिलंय आणि तो वागतोही तसाच: चॅनल बदलताना अधूनमधून आवाज तुटतो. दोन स्पीकरचाच टीव्ही असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. याउलट एक सोय खरोखर छान आहे. कंट्रोलरला हेडफोन लावले की टीव्हीचा आवाज त्यात येतो. स्पीकर नसलेला मॉनिटर, हॉस्टेलची खोली, झोपलेला रूममेट, अशा ठिकाणी ‘इन’ पोर्टचे पैसे वसूल होतात. २०१५ पासूनच्या कंट्रोलरवर ३.५ मिमीचं भोक आहे. त्याआधीच्याला वेगळा ॲडॅप्टर लागतो.

रिमोटचा प्रश्न थोडा किचकट. कन्सोल सेट-टॉप बॉक्सला आयआरने, म्हणजे साध्या रिमोटसारख्या इन्फ्रारेड किरणांनी, हुकूम देतो. पहिल्या मॉडेलमध्ये हे काम किनेक्ट हा वेगळा जोडायचा कॅमेरा करतो. किनेक्ट नसेल तर मागच्या आयआर आउट पोर्टला एक एमिटर केबल लावून तिचं टोक बॉक्सच्या पुढच्या काचेवर चिकटवायचं. वन एस आणि वन एक्समध्ये आयआर अंगातच आहे, पण समोर बॉक्स किंवा निदान एखादी भिंत हवी, कपाटाच्या दारामागे ठेवलात तर उपयोग नाही. फक्त ब्लूटूथ रिमोटवर चालणारा बॉक्स यातलं काहीच ऐकत नाही. खरं सांगायचं तर बॉक्सचा मूळ रिमोट हाताशी ठेवणं सगळ्यात सुटसुटीत, कारण कन्सोलमधून नियंत्रण घेण्याचं मुख्य आकर्षण होतं वनगाइड, आणि त्यातली कार्यक्रमांची यादी मायक्रोसॉफ्टने मे २०२० मध्ये बंद केली. गेम खेळता खेळता कोपऱ्यात मॅच लावून ठेवायची ‘स्नॅप’ सोय त्याआधीच, २०१७ मध्ये गेली. रेकॉर्डिंग तर कधी आलंच नाही: ऑगस्ट २०१५ मध्ये घोषणा, जून २०१६ मध्ये माघार. रेकॉर्ड करायचं तर ते सेट-टॉप बॉक्सनेच करायचं. कन्सोलचं क्लिप घेण्याचं बटण टीव्हीच्या चित्रावर चालत नाही, कारण आतलं चित्र एचडीसीपी या कॉपी रोखणाऱ्या संरक्षणाने कुलूपबंद असतं.

घरातल्या बाकीच्यांच्या दृष्टीने मोठी गैरसोय वेगळीच आहे. पहिल्या मॉडेलमध्ये कन्सोल बंद असेल तर चित्र पुढे जातच नाही. लाइट जाऊन आली की सेट-टॉप बॉक्स आपोआप सुरू होतो, कन्सोल होत नाही. सातच्या मालिकेला आजी टीव्हीसमोर बसतात आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. सेटिंगमध्ये कन्सोल सुरू होताच थेट टीव्ही दाखवायचा पर्याय आहे, तो चालू केला तर त्यांना निदान एकच बटण दाबावं लागेल. ज्या टीव्हीवर घरातले सगळे अवलंबून आहेत तिथे मात्र बॉक्स टीव्हीलाच जोडलेला बरा.

विजेचा हिशोबही बघा. पहिलं मॉडेल टीव्ही दाखवताना सुमारे ७० वॅट खातं, आणि हे बॉक्स व टीव्हीच्या खर्चावर वेगळं. रोज चार तास धरले तर महिन्याला साधारण साडेआठ युनिट. गंमत पुढे आहे. ‘इन्स्टंट-ऑन’ स्टँडबायमध्ये ते सुमारे १५ वॅट घेत राहतं. उरलेल्या वीस तासांचे महिन्याला नऊ युनिट होतात. म्हणजे बघण्यापेक्षा न बघण्याचं बिल जास्त. ‘एनर्जी सेव्हिंग’वर टाकलं की तो खर्च जवळपास शून्यावर येतो, बदल्यात सुरू व्हायला मिनिटभर लागतं. आम्ही तेच सुचवू.

‘नो सिग्नल’ची बाकी कारणं ठरलेली असतात. पहिलं, केबल चुकून ‘आउट’मध्ये, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरं, कन्सोल सुरू व्हायच्या आधीच बॉक्स सुरू होऊन एचडीसीपीची देवाणघेवाण फसलेली; बॉक्स बंद करून पुन्हा लावला की बहुधा जमतं. तरी नाही आलं तर कन्सोलचं पुढचं बटण दहा सेकंद दाबून तो पूर्ण बंद करा, भिंतीतला प्लग काढा, थोडं थांबून परत लावा. एक सावधगिरी: या पोर्टात दुसरा गेम कन्सोल जोडून खेळू नका. आत आलेलं चित्र प्रक्रिया होऊन बाहेर पडेपर्यंत उशीर होतो. बातम्यांना तो कळत नाही, गेममध्ये बटण दाबल्यावर लगेच जाणवतो.

ऑनलाइन शोधताना एक्सबॉक्स वनचा ‘डिजिटल टीव्ही ट्यूनर’ नावाची छोटी यूएसबी वस्तूही सापडेल. भारतातल्या घरासाठी ती घेऊ नका. ती ऑक्टोबर २०१४ मध्ये ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेनसाठी आली आणि डीव्हीबी-टी, टी२ व सी हे सिग्नल (पहिले दोन अँटेनाचे, तिसरा केबलचा) घेते. आपल्या छपरावरच्या डिशचा सिग्नल त्या जातीचा नाहीच, आणि केबलचा कुलूपबंद असतो. ते कुलूप उघडायला लागणाऱ्या स्मार्ट कार्डची खाच ट्यूनरला नाही. लंडनला राहणाऱ्या आणि अँटेना असलेल्या माणसासाठी मात्र ती २४.९९ पौंडांत झकास वस्तू होती, चालू कार्यक्रम तीस मिनिटांपर्यंत थांबवूनही ठेवता यायचा. सिरीज एक्स-एसवर तीही चालत नाही.

या सगळ्या प्रकारात टिकाव धरला तो जपानच्या नास्नेने. सोनीने २०१२ मध्ये आणलेला हा ५०० जीबीचा वेगळा डबा, अँटेना त्यालाच जोडायची आणि प्लेस्टेशनवरून घरच्या नेटवर्कमधून बघायचं. सोनीने तो बंद केल्यावर २०२१ मध्ये बफेलो कंपनीने २ टीबीचा करून पुन्हा काढला. ट्यूनर कन्सोलच्या बाहेर ठेवला म्हणून कन्सोल बदलले तरी तो जगला. एक्सबॉक्सने ‘इन’ पोर्ट कन्सोलच्याच पाठीत बसवला आणि नव्या पिढीत कापून टाकला.

नवा कन्सोल असेल आणि फक्त मराठी बातम्याच बघायच्या असतील तर यातलं काहीच नको. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास यांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असतं आणि यूट्यूबचं ॲप एक्सबॉक्सवर आहे, प्लेस्टेशनवरही आहे. डिशपेक्षा ते काही सेकंद मागे चालतं; मतमोजणीच्या दिवशी शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी ऐकू येईल इतकंच. मनोरंजनाच्या वाहिन्या तिथे थेट दिसत नाहीत.

सेकंडहँड घेताना लॅमिंग्टन रोडवर असो की ओळखीतून, विक्रेता फक्त गेम लावून दाखवतो. ‘इन’ पोर्ट कुणीच तपासत नाही. टॉर्च मारून आतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना बघा, आणि शक्य असेल तर सोबत एक सेट-टॉप बॉक्स नेऊन दहा मिनिटं चित्र चालवून बघा. डिशचा सिग्नल नसला तरी चालेल, बॉक्सचा मेन्यू दिसला तरी पुरे. पहिल्या मॉडेलला विजेची वेगळी वीट असते, तिच्यात पंखा आहे. तो खरखरत असेल तर तेवढे पैसे कमी करून घ्या.