सायकलवर महाबळेश्वर: पसरणी घाट की केळघर?

साताऱ्याहून जोडीनं महाबळेश्वर गाठायला दोन वाटा. पसरणीची वाट लांबची. पाचवडपर्यंत हायवे, ट्रकची वर्दळ, ते अंतर मला कधीच आवडलं नाही. पण वाई सोडली की घाट मात्र समजूतदार: पाचगणीपर्यंत साधारण १२ किलोमीटर, चढ एकसारखा. सोबती दमाचा कच्चा असेल तर हीच वाट. मागं राहिला तरी त्याची लय मोडत नाही, मध्ये थांबून धोम धरणाचं पाणी बघता येतं, आणि पाचगणीत गरम चहा नक्की. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, तेवढं सोसावं लागतं.

दुसरी, मेढा गावावरून केळघर घाटानं चढणारी वाट जवळची, शांत, वेण्णा नदीच्या खोऱ्यातून जाणारी. भातखाचरं बघत केळघरला पोचेपर्यंत पाय ताजे असतात आणि खरा चढ तिथं सुरू होतो. पावसाळ्यात धुकं एवढं दाटतं, की पुढचा सोबती दिसत नाही. म्हणून इथं दोघांनी एकमेकांच्या नजरेत राहायचंच, दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवायचा. मुसळधार पावसात या घाटात दरडी येतात. निघण्याआधी मेढ्यात विचारून घ्या.

माझं मत: जुलै-ऑगस्टमध्ये चढायला पसरणीच. सप्टेंबर सरताना, पाऊस ओसरल्यावर, केळघरला तोड नाही. उतरायला मात्र दोन्हीकडं ब्रेकचे रबर आधी तपासा, ओल्यात ते फार लवकर झिजतात.