धंतोलीतलं कानाच्या मशीनचं दुकान आणि तोफखान्यातले बाबा

पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते खाली येईलच. दुकानाचं नाव टाकत नाही, मागे एका डेंटिस्टचं नाव टाकलं होतं तर अर्ध्या लोकांना वाटलं मला कमिशन मिळतं, त्यामुळे ज्याला हवं त्याने मेसेज करा. काँग्रेस नगर मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जाता येतं आणि चालतच जा, कारण धंतोलीत इतके दवाखाने आहेत की पार्किंग शोधता शोधता अपॉइंटमेंटची वेळ निघून जाते. पहिला मजला, लिफ्ट आहे, पण बंद असते.

पेशंट म्हणजे माझे बाबा. आर्टिलरीतून रिटायर्ड हवालदार, ट्रेनिंग नाशिक रोडला, आणि १९९९ मध्ये कारगिल युद्धात द्रासला बोफोर्स तोफेवर होते. आमच्या घरी टीव्हीचा आवाज एवढा असायचा की खालच्या मजल्यावरच्या काकूंना वेगळी सिरीयल लावायची गरज नव्हती. विचारलं की एकच उत्तर, "मले सगळं ऐकू येते, तुमीच तोंडात बोलता." आणि गंमत म्हणजे माझ्या नवऱ्याचं त्यांना ऐकू यायचं, माझं आणि माझ्या पोरीचं नाही, त्यावरून घरात किती रुसवेफुगवे झाले ते सांगत नाही.

आधी पेपरमधली जाहिरात बघून एका फ्री चेकअप कॅम्पला नेलं होतं. तिथे दहा मिनिटांत टेस्ट आटोपली, "वय झालं की होतंच" म्हणाले आणि सरळ दीड लाखाची जोडी दाखवली, ईएमआयच्या कागदासकट. बाबा उठून बाहेर येऊन चहा प्यायला लागले.

इथे वेगळं झालं. ऑडिओलॉजिस्ट एक तरुण मुलगी आहे, पंचविशी-तिशीतली असेल, तिने मशीनचा विषयच काढला नाही. बाबांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन, हातात बटन, बीप आला की दाबायचं. नंतर शब्द म्हणून दाखवायला लावले. मग ग्राफ समोर ठेवला आणि विचारलं, "काका, मिलमध्ये होता का फौजेत?" बाबा म्हणाले फौजेत. "कशावर?" तोफेवर. "किती वर्षं?" आणि आमचे बाबा, ज्यांनी मला माझ्या लग्नापर्यंत द्रास ह्या गावाबद्दल थंडी सोडून काहीही सांगितलं नाही, ते त्या मुलीशी अर्धा तास बोलले. मी शेजारी बसून होते. बाहेर पुढची अपॉइंटमेंट ताटकळत होती तरी तिने घड्याळाकडे बघितलं नाही, ह्याचे मी वेगळे मार्क देते.

तिने समजावलं ते थोडक्यात असं. वयामुळे जाणारा कान आणि धमाक्याने जाणारा कान ग्राफवर बरेचदा वेगळे दिसतात, धमाकेवाल्याची रेष चार हजार हर्ट्झच्या आसपास एकदम खाली जाते. जाड आवाज, म्हणजे ट्रक, पंखा, पुरुषाचं बोलणं, बऱ्यापैकी ऐकू येतं, पण स, श, च, फ ही अक्षरं गळतात, बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज पुसट होतात. म्हणजे बोलतंय कोणीतरी हे कळतं, काय बोलतंय ते नाही. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मेल्या की परत येत नाहीत, त्यावर गोळी नाही, ऑपरेशन नाही. एकशे चाळीस डेसिबलच्या वर एका धमाक्यानेसुद्धा कान कायमचा बिघडू शकतो, आणि १५५ मिमीच्या तोफेपाशी उभ्या माणसाला त्याहून कितीतरी जास्त झेलावं लागतं. बाबा कापूस घालायचे, तोही एकाच कानात, कारण दुसऱ्या कानाने फायर ऑर्डर ऐकायची असायची. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या वर गोळे, बॉम्ब, रॉकेटं डागली, टायगर हिल घेतली त्या एका दिवशी नऊ हजार. हे आकडे मी शाळेत टाळ्या वाजवत ऐकलेत, कानांचा हिशोब कोणी मांडलाच नव्हता. रिटायर होताना मेडिकल बोर्डासमोरही बाबांनी "सब ठीक है सर" सांगून सही केली होती, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

आता मशीनबद्दल. कानामागे बसणारी छोटी, बारीक वायर कानात जाते ती घेतली, दोन्ही कानांची मिळून ६४ हजार. महाग आहे, पण आधी घरी नेऊन ट्रायल दिली, डिपॉझिट घेऊन. चार्जिंगची पण होती, बाबांनी बॅटरीवालीच घेतली, ३१२ नंबरची, "चार्जर विसरलो तं काय करायचं" म्हणून. बॅटरी आठवडाभर जाते, स्टिकर काढला की लगेच लावायची नाही, मिनिटभर हवा लागू द्यायची, हे दुकानवाले नीट शिकवतात. पहिले काही दिवस बाबा वैतागले, कुकरची शिट्टी, पेपरचा आवाज, स्वतःच्याच चपलांचा आवाज, सगळं एकदम अंगावर. अशा कानांना हळू ऐकू येत नाही पण जोरात आलं की सहन होत नाही, म्हणून मोठ्या आवाजाची लिमिट खाली ठेवावी लागते. ते सेटिंग करायला परत परत जावं लागलं, पैसे घेतले नाहीत. कानात सतत रातकिडे वाजतात ते मात्र बंद झालेले नाहीत, थोडे मागे सरकलेत म्हणतात.

कापलेला स्टार इथे. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने मशीनमध्ये ओल जाते, मे महिन्यात एक साइड बंदच पडली, आणि रिपेअरला पाठवल्यावर स्टँडबाय मशीन देऊ असं बोलणं झालेलं असताना दिलं नाही. बाबा एका कानावर राहिले आणि पुन्हा गप्प. ओल शोषायची डबी मिळते ती पहिल्या दिवशीच द्यायला पाहिजे होती, नंतर वेगळी विकली. फोनही उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर उत्तर येतं. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत किंवा डीजेसमोर मशीन घालून नेऊ नका, आमच्याकडे एकदा नेलं, बाबांनी दोन्ही काढून खिशात टाकल्या आणि घरी येईपर्यंत हात थरथरत होता.

मशीन आल्यावर बाबा बोलायला लागले, हे मला ह्या रिव्ह्यूमध्ये लिहायचंच होतं. नोकरीत असताना परवानगीशिवाय पेपरवाल्यांशी बोलता येत नाही, आर्मी रूल २१, ते समजू शकते, पण बाबांनी पेन्शनीत आल्यावर घरातही तोच रूल लावून ठेवला होता. कारण साधं होतं हो, बोललं की समोरचा प्रश्न विचारतो आणि प्रश्न ऐकू येत नाही. चारदा "काय?" म्हणण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

२६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, आमच्या सोसायटीत कार्यक्रम होता. सेक्रेटरींना वाटलं काका दुश्मनाला कसं लोळवलं ते सांगतील. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "आमाले समोरचा कोनी दिसतच नव्हता. वरून ओपीवाला, म्हंजे टेहळणीच्या चौकीवरचा मानूस, आकडे सांगे, गोळा भरायचा अन् फायर. कोन मेलं, किती मेले, ते आमाले नंतर बी कोनी सांगत नाही. वर चढले ते पायदळाचे पोट्टे, त्यायचे स्ट्रेचर आमच्या तोफेच्या बाजूने खाली येत." मग ते कॅप्टन कर्नल शेर खानवर आले (कर्नल हे त्याचं नावच, हुद्दा कॅप्टन), तो पाकिस्तानी ऑफिसर टायगर हिलवर इतका लढला की आपल्याच ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या शौर्याची शिफारस लिहून पाठवली आणि पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हा त्यांचा सगळ्यात मोठा लष्करी सन्मान दिला. दोन-तीन जण खुर्चीत चुळबुळ करायला लागले. एक काका म्हणाले, आज हे कशाला. बाबांना ते ऐकू आलं! मशीनमुळे! आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "आज नाही तं कवा? मी तं तिथं होतो ना जी." पुढे फटाक्यांचं सांगितलं, दिवाळीत ते बाथरूममध्ये नळ सोडून का बसायचे ते. मला इतकी वर्षं वाटायचं त्यांना उकडतं.

टाळ्या कमी पडल्या. नंतर मात्र ए विंगमधले एक रिटायर्ड सुभेदार, आमच्याशी कधी धड बोलले नव्हते, ते हळूच येऊन मशीन कुठून घेतली विचारून गेले.

एक मात्र स्पष्ट सांगते, मशीन ऐकायला मदत करते, बाकीचं बरं करत नाही. बाबा रात्री अजून उठतात. ऑडिओलॉजिस्टनेच १४४१६ हा टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला होता, फ्री आहे, मराठीतही बोलतात. बाबांनी अजून लावलेला नाही, पण चिठ्ठी फेकलेलीही नाही, पाकिटात आहे. माजी सैनिकांनी खिशातून पैसे भरायच्या आधी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये मशीनचं विचारून घ्या, बाबांनी "फॉर्म-बिर्म नको" म्हणून ते होऊच दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला जायचंय. एका शाळेने बाबांना बोलायला बोलावलंय, तर हॉलमध्ये माईकचा आवाज घुमतो त्याचं काय करायचं आणि मागच्या बाकावरच्या पोरांचे प्रश्न कसे ऐकायचे, हे त्यांनी डायरीत लिहून ठेवलंय त्या मुलीला विचारायला. सकाळची अकराची अपॉइंटमेंट घ्या, तेव्हा गर्दी नसते.