झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या धुवायच्या की तशाच रिलोड करायच्या, म्हणजे पुन्हा भरायच्या?

न धुता नुसतं फडक्याने पुसून रिलोड केलं तरी चालतं, चकाकीने काय नेम सुधारत नाही हे मान्य, पण मातीत पडलेल्या पुंगळीवरचा एखादा वाळूचा कण डायमध्ये (पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) रुतला की पुढच्या प्रत्येक पुंगळीवर तोच ओरखडा उमटत जातो आणि डाय खराब होते ती वेगळीच. धुण्याचा खरा फायदा म्हणजे तपासणी! बुडाच्या जरा वर गोल चमकती रेघ दिसली ना, की पुंगळी तिथूनच फाटायला आलेली असते, काजळीखाली ती सहज सुटून जाते. म्हणून मी धुतोच. फक्त अमोनियावालं पॉलिश नको, पितळ कमकुवत होतं. ओलं टंबलिंग (पाण्यासकट फिरत्या ड्रममध्ये घोळवून साफ करणं) केलं तर आतून पूर्ण वाळवा, आणि कोरड्या टंबलरच्या धुळीत शिसं असतं, तेव्हा मास्क लावा, नंतर हात धुवा.