पार्ट्रिशो की पेनंट मेलंगेल?

वेल्समधलं खेड्यातलं एकच मध्ययुगीन चर्च बघायला वेळ आहे, कुठलं बघू, असं भाचीने विचारलं. मनात दोन होती: पार्ट्रिशोचं आणि पेनंट मेलंगेलचं. दोन्हींचे रस्ते अरुंद, डोंगरातले. त्यात डावं-उजवं नाही.

लाकूडकामात पार्ट्रिशो सरस. १५००च्या सुमाराचा ओकचा कोरीव पडदा (चर्चमधली लाकडी जाळीदार आडभिंत), वरचा सज्जाही, धर्मसुधारणेच्या (प्रोटेस्टंट चळवळीच्या) तोडफोडीतून वाचला. त्यावर कोरलेला वेल चघळणारा ड्रॅगन जवळून बघच! भिंतीवर वाळूचं घड्याळ घेतलेला मृत्यूचा सांगाडा रंगवलेला आहे.

पेनंट मेलंगेलला संत मेलंगेलची १२व्या शतकातली दगडी समाधी. फोडलेले तुकडे विसाव्या शतकात पुन्हा जोडले. शिकारी कुत्र्यांपासून या संत स्त्रीने झग्याआड ससा लपवला, ती कथा तिथल्या पडद्यावर कोरलेली आहे.

कारागिरीसाठी पार्ट्रिशो, श्रद्धेच्या ओढीसाठी पेनंट. भाची मुक्या जनावरांत रमणारी. तिला पेनंटच सांगितलं.