विंडोज सोडल्यावर रोजच्या कामाला काय घ्याल? फोंड्याच्या एका कचेरीतून तुलना

विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही. फोंड्याजवळच्या आमच्या देवस्थान समितीच्या कचेरीतला संगणक सातव्या पिढीचा, पण अगदी धडधाकट. तो भंगारात द्यायला कुणाचं मन होईना, म्हणून त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली घातली. हे कळल्यापासून डिचोली, साखळी, वाळपईचे ओळखीचे लोक विचारत असतात. कुणी मराठी शाळेत शिक्षक आहे, कुणी लोकांना अर्ज लिहून देतो, कुणी भजनी मंडळाचा हिशेब सांभाळतो. प्रश्न बहुतेक एकच असतो: वर्डच्या जागी काय?

मी आधी दोन प्रश्न उलट विचारतो. मराठी कशी टाइप करता? आणि फाइली तुमच्याकडे कुणाकडून येतात, तुमच्याकडून कुणाकडे जातात? 'अमक्याला पर्याय तमका' असे तक्ते इंग्रजीत काम करणाऱ्यांना पुरतात. आपलं काम मराठीत, म्हणून सुरुवात कीबोर्डापासून करायची.

इनस्क्रिप्ट की फोनेटिक?

विंडोजवर इनस्क्रिप्टने, म्हणजे प्रत्येक कळीला ठरलेलं मराठी अक्षर असलेल्या मांडणीने टाइप करत असाल तर नवीन काहीच शिकायचं नाही. कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये 'मराठी, एनहान्स्ड इनस्क्रिप्ट' ही मांडणी जोडा आणि लिहायला लागा. ही मांडणी लिनक्सच्या मूळ कीबोर्ड यंत्रणेतच असते. वेगळा कार्यक्रम मध्ये येत नाही, त्यामुळे कुठल्याही खिडकीत ती सारखीच चालते.

फोनेटिकची सवय असेल, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची, तर आयबस हा टाइपिंगचा मधला कार्यक्रम आणि त्यासोबत एम१७एन हे पॅकेज घालावं लागतं. त्यात आयट्रान्स आहे, फोनेटिक आहे, अशा मांडण्या मिळतात. शब्द पूर्ण होईपर्यंत अक्षरांखाली रेघ दिसत राहते. चालतं चांगलं, पण मध्ये एक थर वाढतो आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तो थर अडतो. बाहेरून वेगळ्या पेटाऱ्यात, म्हणजे फ्लॅटपॅकमध्ये, आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे जास्त दिसतं.

माझा कौल इनस्क्रिप्टला आहे, आणि त्याचं एक ठोस कारण आहे: ऱ्य. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या. मिरामारला एक, सत्तरीत दुसरी. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी दाबून हलंत, मग स्वल्पविरामाच्या रांगेतल्या तिरक्या रेघेच्या कळीवर य. झाला ऱ्य. फोनेटिकमध्ये यासाठी प्रत्येक मांडणीची खूण निराळी, आणि ती सापडली नाही की लोक सरळ र्य लिहून मोकळे होतात. 'येणार्या भाविकांचे', 'करणार्या मंडळींचे' असं छापलेलं वाचताना दर वेळी अडखळायला होतं. एका जत्रेच्या पत्रिकेत हे सात ठिकाणी राहून गेलं होतं, आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या. म्हणून जी मांडणी घ्याल तिच्यात पहिल्याच दिवशी ऱ्य कसा येतो ते शोधा आणि कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

लिब्रेऑफिस की ओन्लीऑफिस?

२०१० मध्ये ओपनऑफिसपासून फुटून निघालेलं लिब्रेऑफिस मिंट, उबुंटू यांच्यात आधीच बसवलेलं असतं. ओन्लीऑफिस वेगळं घालावं लागतं. दोन्ही मोफत, दोन्हींचा स्रोत खुला. फरक स्वभावात आहे.

ओन्लीऑफिस मायक्रोसॉफ्टच्याच फाइल प्रकारांवर उभं आहे. वर्डचं डॉकएक्स, एक्सेलचं एक्सएलएसएक्स ही त्याची घरची भाषा. शिक्षण खात्याकडून किंवा एखाद्या कार्यालयातून तक्त्यांनी भरलेला नमुना आला, तो भरून तसाच परत पाठवायचा आहे, तर हे उघडा. चौकटी जागच्या जागी राहतात. दिसायलाही वर्डसारखंच असल्याने घरातल्या ज्येष्ठांचा हात लगेच बसतो. रोजचं काम म्हणजे दुसऱ्यांचे नमुने भरून देणं एवढंच असेल, तर मी हेच सुचवीन.

पण पानभर मराठी स्वतः लिहायची असेल तर लिब्रेऑफिसमधलं लिखाणाचं रायटर. त्याच्या भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करून तिथे मराठी निवडा. मग प्रत्येक शैलीत इंग्रजीसाठी एक फाँट आणि देवनागरीसाठी दुसरा, असे दोन वेगळे ठरवता येतात. एकदा देवनागरीला 'मुक्त' हा फाँट आणि इंग्रजीला 'लिबरेशन' असं ठरवलं की अर्ध्या ओळीत 'ई-मेल' इंग्रजीत लिहिला तरी बाकीच्या ओळीला धक्का लागत नाही. नवशिक्यांची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. फाँट बदलतात, इंग्रजी बदलतं, मराठी तसंच राहतं, आणि सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं, दुसरा रकाना भरायचा राहिलेला असतो. मराठी शुद्धलेखन तपासायला हनस्पेल पद्धतीचा शब्दकोशही याला जोडता येतो.

फाँटांची एक अडचण दोन्हीकडे येते. विंडोजवर लिहिलेली मराठी फाइल बहुधा मंगल फाँटमध्ये असते. मंगल मायक्रोसॉफ्टचा, लिनक्सवर तो नसतो. कॅलिब्रीच्या जागी त्याच मापाचा कार्लिटो मिळतो, कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया. मंगलला असा मापाचा जोडीदार नाही. म्हणून नोटो किंवा लोहित फाँटमध्ये फाइल उघडते, ओळींची उंची बदलते, आणि एका पानाचं पत्र दीड पानाचं होतं. लिब्रेऑफिसमध्ये फाँट बदलीचा तक्ता आहे, त्यात मंगलच्या जागी कोणता फाँट घ्यायचा ते एकदाच लिहून ठेवता येतं. बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवा. समोरच्याला मजकुरात बदल करायचे असतील तर मूळ फाइल पाठवा, पण आधी तिच्या गुणधर्मांत जाऊन फाँट फाइलमध्येच समाविष्ट करा.

हिशेबाच्या तक्त्यांत लिब्रेऑफिसचं कॅल्क एक्सेलचे पुष्कळ व्हीबीए मॅक्रो, म्हणजे तक्त्यात लिहिलेले छोटे कार्यक्रम, चालवतं, पण सगळे नाही. ओन्लीऑफिसमध्ये मॅक्रो जावास्क्रिप्टमध्ये लिहावे लागतात, म्हणजे जुने व्हीबीए तिथे चालणार नाहीत. लाख-कोटींचे स्वल्पविराम कॅल्कमध्ये योग्य जागी पडतात, आकड्याच्या ढाच्यात तसं लिहून द्यावं लागतं इतकंच.

आमच्या कचेरीत दोन्ही आहेत. स्वतःचं लिखाण रायटरमध्ये, आलेले नमुने ओन्लीऑफिसमध्ये. एकाच फाइलवर आलटून पालटून दोन्ही वापरू नका, मांडणी हळूहळू ढासळत जाते. आणि पावसाळ्यासाठी एक काम आधीच करा. जूनमध्ये वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून लिब्रेऑफिसमध्ये आपोआप जतन करायचा अवधी दोन मिनिटांवर आणून ठेवा.

जुन्या फाइली

हा भाग कुणी सांगत नाही, म्हणून कळकळीने सांगतो. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमच्या डीव्ही फाँटांत लिहिलेली मराठी ही संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फाँट नसला की समोर निव्वळ इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. फाँटची फाइल लिनक्सवर आणून घातली तर मजकूर दिसेल, पण त्यात लिहिण्याचा कीबोर्ड विंडोजवरच राहतो. गोव्यात वीस-पंचवीस वर्षांची नाटकांची हस्तलिखितं, मंडळांची इतिवृत्तं, शाळांच्या स्मरणिका अशा फाँटांत पडून आहेत. विंडोज पुसण्याआधी, ते चालू असतानाच, हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणून कळणाऱ्या संकेतांत, बदलून घ्या. बदलून देणारी साधनं मोफत मिळतात. बदललेलं मात्र एकदा डोळ्यांखालून घालायलाच हवं, जोडाक्षरं आणि ऱ्य तिथेच बिनसतात.

पत्रिका, पोस्टर

चित्र काढायचं इंकस्केप की पानं मांडायचं स्क्रायबस? एका पानाची पत्रिका, बोधचिन्ह, दशावतारी काल्याचं पोस्टर यांना इंकस्केप. हात मोकळा चालतो आणि जोडाक्षरं नीट जुळतात. पण त्याचा जीव पडद्यावरच्या रंगांत आहे. छापखान्याला चार रंगांत, सीएमवायके पीडीएफ हवी असेल किंवा सोळा पानी स्मरणिका असेल तर स्क्रायबस घ्या. त्यातही जुनी १.४ मालिका टाळा, ती देवनागरी जोडाक्षरं फोडते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ पासून ही अडचण नाही. छापखानेवाले बहुधा कोरलड्रॉची फाइल मागतात. त्यांना पीडीएफ द्या, पण देताना अक्षरांच्या आउटलाइन करून द्या, म्हणजे त्यांच्याकडे फाँट नसला तरी अक्षर हलत नाही. आधी वेलांट्यांसकट सगळं तपासून घ्या, कारण आउटलाइन झाल्यावर अक्षर चित्र बनतं, दुरुस्ती होत नाही.

बाकीचं

ब्राउझरात फायरफॉक्स रोजच्या वाचनाला. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन त्यात पूर्ण ताकदीने चालतं, क्रोममध्ये ते आता चालत नाही. काही सरकारी संकेतस्थळं क्रोम धरूनच बांधलेली असतात, त्यांच्यासाठी क्रोमियम हे क्रोमचंच खुलं रूप बाजूला ठेवा. व्हॉट्सॅपचं लिनक्ससाठी अधिकृत सॉफ्टवेअर नाही, ब्राउझरमध्येच उघडायचं. तिसऱ्याच कुणी बनवलेल्या व्हॉट्सॅपच्या खोळी घेऊ नका, आपल्या गप्पा अनोळखी हातांत कशाला द्यायच्या? फोनवरचे फोटो संगणकावर घ्यायला केडीई कनेक्ट. जुन्या नाटकांच्या चित्रफिती बघायला व्हीएलसी, दुसरं काही शोधायची गरज नाही.

हिशेबासाठी टॅलीचा प्रश्न येतो. टॅली विंडोजचंच आहे. तुमचे सीए टॅलीची फाइल मागत असतील तर एका मशीनवर विंडोज राहू द्या, वाइनवर, म्हणजे विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावर, टॅली चालवण्याचा खटाटोप मार्चअखेरीला करू नका. साधा जमा-खर्च असेल तर ग्नूकॅश दुहेरी नोंदीचं पक्कं आहे. देवस्थानाच्या पावत्या-खर्चाला मात्र आम्ही कॅल्कचाच तक्ता ठेवला, कारण पुढची समिती निवडून येईल तेव्हा तो कुणालाही उघडून वाचता येईल.

सॉफ्टवेअर घ्यायचं ते मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून. एकच गोष्ट दोन रूपांत दिसली, मूळ पॅकेज आणि फ्लॅटपॅक, तर मूळ पॅकेज आधी. फ्लॅटपॅकची आवृत्ती बहुधा नवी असते, पण ती जागा जास्त खाते आणि आयबसच्या कटकटी तिथेच उद्भवतात. स्क्रायबससारखं नवंच हवं असेल तिथे फ्लॅटपॅक.

आणि प्रिंटर. काही जुन्या लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हर लिनक्सवर त्रास देतात. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी मिंट पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, काही पुसलं जात नाही. इनस्क्रिप्ट जोडा, रायटर उघडा, 'सत्तरीच्या दऱ्या, मिरामारचा दर्या, येणाऱ्या सर्वांचे स्वागत' ही ओळ टाइप करा आणि एक प्रत छापून घ्या.