समुपदेशकांची मासिक सुपरव्हिजन बैठक, राजारामपुरी, कोल्हापूर: सहा महिन्यांचा अनुभव

२०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या छावणीत आणि नंतर गावात मिळून मी सहा आठवडे समुपदेशन केलं. शेवटच्या दिवशी एका आजींनी हात धरून विचारलं, "परत कवा येणार?" आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, मीही 'येते' म्हणाले. पुन्हा गेले नाही. ती गोष्ट मी पहिल्यांदा उघडपणे बोलले ती या बैठकीत, जिथे आम्ही समुपदेशक आपापल्या कामातलं अवघड ते अनुभवी मार्गदर्शकासमोर मांडतो.

आम्ही सहाजण, दोन तास, पाचशे रुपये. बैठक घेणाऱ्या मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "या महिन्यात कुणाचा निरोप राहिला?" हेल्पलाइनवर काम करणारा एकजण म्हणाला, आमच्याकडे निरोपच नसतो, फोन कट होतो आणि पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. मॅडमनी त्याला त्या फोनमधलं शेवटचं ऐकलेलं वाक्य सांगायला लावलं आणि तिथेच थांबवलं. पुढचं तो रोज रात्री मनात रचत होता. त्या दिवशी तो खूप रडला, आणि कुणीही त्याला गप्प केलं नाही.

माझ्या कामात यामुळे खरा फरक पडला. आता पहिल्याच भेटीत सांगते, "आपण सहा वेळा भेटणार, आजची पहिली." चौथ्या भेटीपासून पुढची सोय बोलायला घेते: सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, गावातली आशाताई, रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. नुसती चिठ्ठी देत नाही, जमेल तिथे पहिल्या वेळी सोबत जाते.

एक तक्रार आहे. जिल्हा लहान, बैठकीत आपल्याकडे येणाऱ्या माणसाचं गाव आणि धंदा सांगितला की घर ओळखू येतं. सुरुवातीला याची काळजी घेतली जात नव्हती. मी बोलल्यावर तपशील बदलून सांगायचं ठरलं, पण हा नियम पहिल्या दिवसापासून हवा होता. आणि चंदगडच्या ताईंना एसटीसाठी अर्ध्यातून उठावं लागतं, तेव्हा वेळ अलीकडे घ्यावी.

गेल्या महिन्यात माझ्याकडची एक बाई शेवटच्या भेटीला काकवीचा डबा घेऊन आली. पूर्वी मी नियम सांगून नको म्हटलं असतं. या वेळी तिच्यासमोरच बोट बुडवून चाखली, डबा रिकामा करून, धुऊन तिच्या हातात दिला. "येतो ताई," ती म्हणाली. मी म्हटलं, "आपल्या भेटी आज संपल्या. सोमवारी आशाताई दारात येतील." तिने मान हलवली, डबा पिशवीत टाकला आणि निघाली.